१९९७ ची डॉज रॅम २५०० (१२ व्हॉल्व्ह कमिन्स): ट्रेलर लावून चढावर दम सोडते, सकाळी सुरू व्हायला वेळ लावते

पॅलिसेडकर
नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोच्या पश्चिम भागात पॅलिसेडला असतो. आमची पीचची छोटी बाग आहे. हंगामात फळांचे क्रेट भरून बंद ट्रेलर डेन्व्हरच्या शेतकरी बाजारात न्यावा लागतो. ट्रेलर मालासकट साधारण ३ टनांचा. ओढायला १९९७ ची रॅम २५०० आहे: ५.९ लिटर, १२ व्हॉल्व्ह, बॉशचा पी ७१०० इंजेक्शन पंप, एनव्ही ४५०० पाच गिअरची मॅन्युअल पेटी.

दोन तक्रारी आहेत. रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर बोट लावलं की सुरू. दुसरी जास्त त्रासाची. सिल्व्हरथॉर्न सोडलं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत सलग चढ आहे, बोगदा सुमारे ११,१०० फुटांवर. त्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी हळूहळू मरगळते. रिकामी असताना काही जाणवत नाही.

इथल्या एका गॅरेजने अर्ध्या तासात निकाल दिला की इंजेक्शन पंप गेला, काढून दुसरा टाका. अंदाजपत्रक पाहून मी गाडी घरी आणली. पीच थांबत नाहीत, ऑगस्ट तोंडावर आहे. गाडी चांगली आहे, मला ती ठेवायची आहे. कुठून सुरुवात करू?

फलटण_पंपलाईन
पॅलिसेडकर, आधी पंपाला हात लावू देऊ नका कुणालाही.

हे इंजिन आमच्या घरचंच आहे म्हणा. जमशेदपूरच्या टाटा कमिन्सने हेच ६बीटी, ५८८३ सीसी, टाटाच्या ट्रकांना दिलं. १६१३ आणि २५१५ मध्ये ते आम्ही वर्षानुवर्षं उघडलंय. बोअर १०२, स्ट्रोक १२०, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. तुमच्या पिकअपमध्ये ट्यूनिंग वेगळं आणि पंप मोठा, पण हाडं तीच.

इनलाईन पंप सहसा असा एका दिवसात जात नाही. त्याला इंजिनचं ऑइल मिळतं, आतला कॅम त्या ऑइलवर चालतो. त्याच्यापर्यंत डिझेल पुरेसं पोचत नाही तेव्हा गाडी पडते आणि दोष पंपावर येतो. उगाच काढला तर नवीन दुखणं मागे लागतं. त्या पंपाचा गिअर शाफ्टच्या टेपरवर नुसता नट आवळून बसतो, चावी नसते. टेपरला तेलाचा हात लागला, नीट पुसला नाही, की लोडवर गिअर सरकतो आणि टायमिंग जातं.

मला चार गोष्टी सांगा:
चढावर मरगळते तेव्हा मागून धूर कसा येतो? काळा, पांढरा, का काहीच नाही?
टाकी पाव असताना त्रास वाढतो का?
बूस्टचं (टर्बोने दाबलेल्या हवेच्या दाबाचं) आणि एक्झॉस्टच्या तापमानाचं मीटर आहे का?
डिझेलचं प्रेशर कुणी मोजलंय का?

पॅलिसेडकर
काका, धूर जवळजवळ नाहीच. मागच्या गाडीत मित्र होता, त्यालाही विचारलं. बूस्ट आणि पायरोमीटर दोन्ही आहेत, आधीच्या मालकाने बसवलेली. चांगली असताना त्या चढावर बूस्ट १८ च्या आसपास असायचा, आता १० ला अडकतो आणि एक्झॉस्टचं तापमानही खाली येतं. टाकी अर्धी असो की पाव, फरक नाही. डिझेल प्रेशर त्या गॅरेजने मोजलं नाही.

टेस्टबेड
मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये होते, आता दुसऱ्या क्षेत्रात आहे, पण हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत निदान बरंचसं आलंय. डिझेलमध्ये ताकद कमी होण्याचे मोठे रस्ते दोन. हवा कमी पडली तर डिझेल नीट जळत नाही: काळा धूर, तापमान वर. डिझेल कमी पडलं तर जळायलाच काही नसतं: धूर नाही, तापमान खाली, आणि टर्बोला फिरवायला गरम वायू नाही म्हणून बूस्टही खाली. तुमचं दुसरं चित्र आहे. टर्बो, इंटरकूलर, होजचे क्लॅम्प यांच्यावर आत्ता पैसे घालवू नका.

डिझेल कमी पडण्याचीही दोन कारणं असतात. एक, पंपापर्यंत डिझेल पोचत नाही. दोन, पोचतं पण पंप ते पुढे सोडत नाही. दुसऱ्यातल्या तीन गोष्टी फुकटात तपासता येतात, म्हणून त्या आधी:

इनटेकवरून पंपाच्या मागच्या डब्याकडे एक बारीक नळी जाते, ती एएफसीला, म्हणजे बूस्टनुसार डिझेल वाढवणाऱ्या भागाला, बूस्ट कळवते. नळी तडकली असेल किंवा आतला पडदा फाटला असेल तर पंपाला वाटतं बूस्ट आलाच नाही, आणि तो डिझेल वाढवत नाही. धूरही येत नाही.

इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडने पंपाचा लिव्हर पूर्ण वर उचलला पाहिजे. अर्धवट उचलला तर गाडी सुरू होते, रिकामी पळतेही, पण रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारी पंपातली दांडी) पूर्ण उघडत नाही.

कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेटखाली बघा, पंपाचा थ्रॉटल लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का. केबल ताणलेली असू शकते.

हे सगळं ठीक निघालं तर काका म्हणतात तसं प्रेशर.

ओंटारिओकर
माझ्याकडे १९९९ ची आहे, २४ व्हॉल्व्हवाली. इथे वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: १९९८ च्या मध्यापासून पंप बदलला, व्हीपी ४४ आला. तो इलेक्ट्रॉनिक आहे आणि त्याला वंगण डिझेलचंच मिळतं. फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून आणणारा) मेला आणि तशीच गाडी ओढली तर व्हीपी ४४ खरोखर मरतो. त्यामुळे या धाग्यातले प्रेशरचे आकडे माझ्यासारख्या गाड्यांना लावू नका. आमच्याकडे १० पीएसआयच्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

फलटण_पंपलाईन
ताईंनी क्रम अगदी बरोबर लावलाय. आता प्रेशरचं सांगतो.

१२ व्हॉल्व्हला फीड पंप मेकॅनिकल आहे, कॅमशाफ्टवर चालणारा पिस्टन पंप. फिल्टरच्या पुढे, इंजेक्शन पंपाच्या तोंडाशी जो बँजो बोल्ट (मधून डिझेल जाणारा पोकळ बोल्ट) आहे तिथे गेज लावा. आयडलला १७ ते २२ पीएसआय आणि २५०० आरपीएमला २५ ते ३० हवं. गेजची नळी लांब घेऊन काचेबाहेर वायपरजवळ बांधा आणि ट्रेलर लावून चढावर बघा. उभ्या गाडीवरचं प्रेशर अर्धीच गोष्ट सांगतं. डिझेल असलेली नळी केबिनमध्ये मात्र आणू नका.

प्रेशर कमी निघालं तर तीन जागा, याच क्रमाने.

पहिली जागा बहुतेकांना माहीतच नसते. फीड पंपाच्या आधी, डिझेल हीटरच्या वाटीत एक जाळी आहे. मोठा फिल्टर सगळे बदलतात, ही जाळी गाडी घेतल्यापासून कुणी उघडलेली नसते. वाटी खोला, जाळी धुवा, ओ-रिंग नवी टाका.

दुसरी, इंजिनच्या मागे, बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) वर, लोखंडी पाइपांना जोडणारे रबरी तुकडे. तिथे हात जात नाही म्हणून बघत नाहीत. वीस-पंचवीस वर्षांत रबर कडक होऊन तडकतं. ही बाजू ओढीची आहे, त्यामुळे डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. भेग पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढल्यासारखं. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी तुम्ही सेल्फ मारत बसता. तुमची पहिली तक्रार मला इथलीच वाटते. खात्री करायची तर हीटरच्या आधी तात्पुरती पारदर्शक नळी लावा आणि बुडबुडे दिसतात का बघा.

तिसरी, पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. आत गोळी आणि स्प्रिंग. स्प्रिंग थकली की डिझेल प्रेशर धरायच्या आधीच टाकीकडे परत पळतं. तपासायला आयडलवर रिटर्नचा रबरी भाग चिमट्याने क्षणभर दाबा. प्रेशर एकदम चढलं तर फीड पंप ठणठणीत आहे आणि हा व्हॉल्व्ह गेलाय. क्षणभरच दाबा, धरून ठेवू नका. काही लोक स्प्रिंग ताणून परत बसवतात. एखाद्या दिवसाची अडचण भागते, पण माल भरून डोंगरात जाणाऱ्या गाडीला नवाच टाका. पंपाच्या किमतीपुढे ती किंमत काहीच नाही.

काम झाल्यावर प्रत्येक बँजोला नवे तांब्याचे वॉशर. जुने परत आवळले की तिथून पुन्हा हवा.

तारकर्ली_बोटवाला
मध्येच विचारतो, विषय जवळचा आहे म्हणून. माझी जुनी बोलेरो कॅम्पर आहे, डीआय. पर्यटनाच्या बोटी ट्रेलरवर घालून किनाऱ्यावरून पाण्यात सोडायच्या आणि संध्याकाळी ओढून आणायच्या. मागची चाकं पाण्यात जातात. ट्रेलरची बेअरिंगं टिकत नाहीत आणि आता गाडीच्या मागून, डिफरन्शिअलच्या बाजूने आवाज यायला लागलाय. कुणाला अनुभव?

घाटवाट
बोटवाले भाऊ, डिफरन्शिअलचा फिलर बोल्ट खोलून बोट घालून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय. गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (ॲक्सलच्या हवेच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला होज जोडून ती उंच चेसिसवर बांधा. ऑइल लगेच काढा. आवाज फार झाला असेल तर बेअरिंग बघूनच घ्या, नुसतं ऑइल बदलून ते परत येणार नाही.

ट्रेलरचंही तेच कारण. किनाऱ्यावर आल्यावर हब गार होऊ द्या, मग पाण्यात घाला. मरीन ग्रीस वापरा आणि रोज गोड्या पाण्याने धुवा.

पॅलिसेडकर, तुमचं चढायचं बघतायत सगळे, मी उतरायचं विचारतो. मी मल्टिॲक्सल चालवतो. बोगदा ओलांडला की पुढे किती उतार आहे? ट्रेलरला ब्रेक आहेत का?

पॅलिसेडकर
बोगद्यातून बाहेर पडलं की जॉर्जटाउनकडे लांब उतार, पुढे आयडाहो स्प्रिंग्ज, मग फ्लॉइड हिलचा चढ आणि शेवटी डेन्व्हरकडे पुन्हा उतार. या महामार्गावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे रॅम्प काढलेले आहेत, यावरून समजा. ट्रेलरला दोन्ही ॲक्सलवर इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आहेत, कंट्रोलर केबिनमध्ये. एक्झॉस्ट ब्रेक नाही.

घाटवाट
मग हे आधी करा, डिझेलचं नंतर. चढताना गाडी कमी पडली तर तुम्ही बाजूला थांबाल. उतरताना थांबता येत नाही.

ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे खंबाटकीला आणि बोरघाटाला पोरं पहिल्या महिन्यात शिकतात. पण डिझेल इंजिनला थ्रॉटलची पाकळी नसते, त्यामुळे पाय काढल्यावर पेट्रोल गाडीइतकी आपोआप अडवणूक होत नाही. एक्झॉस्ट ब्रेक बसवाच. तो २००० आरपीएमच्या वर चांगला धरतो, खाली कमी.

ट्रेलरचे ड्रम ब्रेक बहुतेक स्वतःहून ॲडजस्ट होत नाहीत. हंगामाआधी चाक उचलून ड्रममधलं दातेरी स्टार व्हील फिरवा, शू हलका घासेपर्यंत. सपाटीवर कमी वेगात नुसता कंट्रोलर दाबून ट्रेलर गाडीला मागे ओढतो का बघा. सात पिनांच्या प्लगमध्ये हिरवट गंज असतो, तो साफ करा. आणि टायरची तारीख वाचा. बाजूला डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी जुना ट्रेलर टायर उन्हात तापून फुटतो.

क्रेट भरताना पुढे-मागे कसं भरता? जोडणीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार यायला हवा. मागे जास्त भरलं तर उतारावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

फलटण_पंपलाईन
घाटवाटशी शंभर टक्के सहमत. फक्त एक जोडतो. १२ व्हॉल्व्हच्या मूळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्प्रिंगा मऊ आहेत. जोरदार एक्झॉस्ट ब्रेक लावला तर मागच्या दाबाने व्हॉल्व्ह सीटवरून उचलले जातात. कंपनीने दाबाची मर्यादा दिलेली असते ती पाळा, किंवा ६० पौंडांच्या स्प्रिंगा टाका. स्प्रिंगा टाकायला झाकणं उघडलीच तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पण सेट होतील.

पॅलिसेडकर
सगळं एकेक करून तपासलं, सविस्तर लिहितो.

एएफसीची नळी शाबूत. सोलेनॉइड लिव्हर पूर्ण उचलतो. थ्रॉटल लिव्हर स्टॉपला टेकतो.

गेज लावलं. आयडलला ११ पीएसआय. ट्रेलर लावून जवळच्या चढावर घेतलं तर ६ पर्यंत खाली. पारदर्शक नळीत सकाळी बुडबुड्यांची रांग दिसली.

हीटरची वाटी उघडली. जाळीवर काळा, चिकट थर होता, अर्ध्याहून जास्त भाग बंद. मागच्या रबरी तुकड्यांपैकी ओढीकडचा तुकडा वाकवला तर बोटांत तडकला. दोन्ही बदलल्यावर बुडबुडे गेले, आयडलला प्रेशर १४. अजून कमी, म्हणून रिटर्न दाबून पाहिला, काटा ताडकन वर गेला. ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह नवा टाकला. आता आयडलला २०, २५०० ला २८.

सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते. काका, ताई, तुमचे आभार कसे मानू. पंपाला पान्याचा स्पर्शही झाला नाही.

टेस्टबेड
छानच! आता गाडीला डिझेल पुरतंय, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष द्या. ११ हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के उरते. आधुनिक गाडीचा संगणक ते ओळखून डिझेल कमी करतो. तुमच्या पंपाला उंची कळत नाही, त्याला फक्त बूस्ट कळतो. आतापर्यंत उपासमारीमुळे तापमान खाली होतं, आता ते वर जाईल. टर्बोच्या आधी मोजत असाल तर सलग चढावर १२५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६७५ सेल्सिअस, ओलांडू देऊ नका. काटा तिकडे सरकायला लागला की पाय थोडा काढा आणि गिअर उतरवा. आरपीएम वाढले की हवा जास्त येते आणि तापमान उतरतं.

ओंटारिओकर
आणि एनव्ही ४५०० बद्दल कुणी बोललं नाही अजून. त्या पेटीत मेनशाफ्टच्या मागच्या टोकाला पाचव्या गिअरचा नट असतो. कमिन्सच्या झटक्यांनी तो सैल होतो, गिअर मागे सरकतो आणि एक दिवस पाचवा गिअर नाहीसा होतो. बाकी चारही चालू राहतात. पाचव्यात असताना ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की लिव्हर पुढे-मागे सरकत असेल तर तीच खूण. लॉक होणारे सुधारित नट मिळतात. ट्रेलर लावून पाचव्यात १८०० च्या खाली इंजिन ढकलू नका, चौथ्यात या. पेटीत ऑइलही तिच्यासाठी सांगितलेलं सिंथेटिकच घाला. जीएल-५ लिहिलेलं साधं गिअर ऑइल नको, ते पितळी सिंक्रोला मानवत नाही.

पॅलिसेडकर
लिव्हर सरकत नाही, पण नोंद घेतली. एक मित्र म्हणतो पंपाची फ्युएल प्लेट (जास्तीत जास्त डिझेल किती जायचं ते ठरवणारी पट्टी) घासून घे, ताकद दुप्पट होईल. करू का?

फलटण_पंपलाईन
तुमची मॅन्युअल गाडी कारखान्यातून २१५ हॉर्सपॉवरची आली. ३ टनांना ती पुरते. प्लेट बदलली की ताकद वाढते हे खरं, पण ११ हजार फुटांवर हवा वाढत नाही. ताई म्हणाल्या तो १२५० चा काटा मग सपाटीवरच गाठाल. पिस्टन वितळला तर इंजिन खाली उतरवावं लागतं. शिवाय मूळ क्लच घसरायला लागतो. फळं न्यायची आहेत, शर्यत नाही.

तेच पैसे डोवेल पिनवर घाला. टायमिंग गिअरच्या केसमध्ये एक स्टीलची डोवेल पिन असते. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ती बाहेर सरकते आणि गिअरांत पडली तर केस फुटते, कधी कधी सगळं इंजिन जातं. पुढचं कव्हर काढून पिन आत ठोका आणि शेजारच्या बोल्टखाली पत्रीची जीभ बसवा म्हणजे ती परत बाहेर येत नाही. फ्रंट सील तेव्हाच बदला. पंपावर जेवढे पैसे मागत होते त्याच्या थोड्या भागात हे होतं.

टॅपेटचं विचारलं नाहीत तरी लिहितो, स्प्रिंगा टाकताना लागेल. इंजिन पूर्ण गार हवं. इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१ मिमी. गिअर हाउसिंगवरची टायमिंग पिन आत ढकलून एक नंबरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे अगदी वर, आणा आणि पिन लगेच बाहेर ओढा, नाहीतर इंजिन फिरवताना मोडेल. एक नंबरचे दोन्ही रॉकर सैल आहेत ना बघा, नसतील तर एक पूर्ण फेरा फिरवा. त्या स्थितीत इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५. पुलीवर खूण करा, एक पूर्ण फेरा द्या. मग इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६.

पॅलिसेडकर
हे छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतो. फ्युएल प्लेटचा विषय बंद. एक्झॉस्ट ब्रेक आणि स्प्रिंगा मागवल्या, डोवेल पिन हंगाम संपल्यावर हिवाळ्यात, गाडी उभी असते तेव्हा.

काल माल भरून बोगदा ओलांडला. चौथ्यात, २२०० ते २३०० आरपीएम, बूस्ट १८, डिझेल प्रेशर २५ च्या खाली आलं नाही, तापमान जास्तीत जास्त ११८०. उतारावर तिसऱ्यात, ट्रेलरचे ब्रेक ॲडजस्ट करून घेतले होते. जॉर्जटाउनला थांबून हबना हात लावून पाहिला, चारही सारखेच कोमट.

घाटवाट
चारही सारखे, हेच बघायचं असतं. एखादा गार राहिला तर त्याचा ब्रेक लागत नाही, एखादा जास्त तापला तर शू घासतोय किंवा बेअरिंग जातंय. दर थांब्याला बघत जा.

तारकर्ली_बोटवाला
घाटवाट, ऑइल अगदी दुधासारखं निघालं. मेकॅनिकने पिनियनचं बेअरिंग बदललं, क्राउन वाचला. ब्रीदरची होज हौद्याच्या फळीपर्यंत वर नेली आहे. ट्रेलरसाठी मरीन ग्रीस मालवणात मिळालं नाही, कणकवलीत बघतो. कुणाला माहीत असेल तर सांगा, दुसरं साधं लिथियम ग्रीस तोवर चालेल का?

घाटवाट
आठवडाभर चालवा, पण रोज धुवा आणि दोन-तीन दिवसांनी हबची टोपी काढून बघा. ग्रीस पांढरट दिसलं की सगळं पुसून नवीन भरा. नव्यात जुनं मिसळू नका.

तारकर्ली_बोटवाला
बरं. उद्या सकाळी ओहोटीला बोटी सोडायच्या आधी टोपी काढून बघतो आणि इथे कळवतो.